जुन्या गाडीत अचानक आवाज येऊ लागला तर: चाकापासून गिअरबॉक्सपर्यंत दोष कसा शोधायचा

दीड-दोन लाख किलोमीटर पळालेल्या गाडीचे काही आवाज ठरलेले असतात आणि रोज चालवणाऱ्याच्या कानाला ते पाठ असतात. म्हणूनच काल नसलेला आवाज आज आला की लगेच जाणवतो. खरी अडचण पुढे येते. गॅरेजमध्ये गेल्यावर "कसला आवाज?" असं विचारतात, आपण "घरघर येतेय" म्हणतो, आणि मग अंदाजाने एकेक पार्ट बदलायला सुरुवात होते. झिजलेला टायर, व्हील बेअरिंग, गिअरबॉक्समधलं बेअरिंग आणि डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणारे गिअर) हे चारही घरघरच करतात. चौघांच्या खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे.

त्यामुळे आवाजाला नाव देण्यात वेळ घालवू नका. तो कशाने वाढतो, कशाने कमी होतो आणि कशाने पूर्ण थांबतो, एवढंच शोधा. इंजिनाचे फेरे, गाडीचा वेग, अ‍ॅक्सिलरेटरचा दाब, स्टिअरिंग, ब्रेक आणि रस्ता या सहा गोष्टी एकेक करून बदलत गेलात तर नट न खोलताही दोष साधारण कुठे आहे ते कळतं. खाली मुख्यतः स्विफ्ट, वॅगनआर, सँट्रो, आय-टेन अशा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मॅन्युअल गाड्या धरल्या आहेत. बोलेरो, सुमो, क्वालिस, इनोव्हा, ऑम्नी, ईको यांच्यासाठी वेगळा भाग आहे. एएमटी, म्हणजे क्लच पेडल नसलेल्या आणि गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स आतून मॅन्युअलच असतो, त्यामुळे क्लच पेडलची चाचणी सोडून बाकी सगळं तिलाही लागू पडतं.

चालवण्याआधी हे बघाच

आवाज आल्यापासून गाडी नीट पाहिली नसेल तर चाचणीसाठीही रस्त्यावर काढू नका. आधी चारही चाकांचे नट तपासा. पंक्चर काढल्यावर, टायर बदलल्यावर किंवा अलाइनमेंटनंतर पहिल्या शंभरेक किलोमीटरमध्ये धडधड सुरू झाली असेल तर पहिला संशय सैल नटांवर घ्यायचा. पाना लावून फिरतात का बघा. फिरत असतील तर समोरासमोरचे नट आलटून पालटून आवळा.

मग प्रत्येक टायरची आतली बाजू बॅटरीच्या उजेडात बघा. फुगा आलाय का, तारा दिसतात का? गाडीखाली तेलाचा डाग आहे का? ब्रेक पेडल पहिल्या दाबाला नेहमीपेक्षा खोल जातंय का? बेअरिंग फार सैल झालं की चाकाबरोबर डिस्क डुलते, पॅड मागे ढकलले जातात आणि पेडल असं खोल जायला लागतं. हे लक्षण दिसलं, किंवा स्टिअरिंग हातात थरथरत असेल, जळका वास येत असेल, तर गाडी चालवत नेऊ नका, फ्लॅटबेड टोइंग बोलवा. फ्लॅटबेड मिळालं नाही तर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची पुढची चाकं उचलून आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची मागची उचलून न्यायला सांगा.

पहिली पायरी: उभ्या गाडीत

हँडब्रेक लावा, न्यूट्रल करा, इंजिन चालू करा, काचा खाली घ्या, एसी आणि पंखा बंद. आवाज इथेच येत असेल तर चाकं, बेअरिंग, एक्सल यांचा विचार आत्ताच सोडून द्या, कारण ते फिरतच नाहीयेत.

आता क्लच पूर्ण दाबा. दाबल्यावर आवाज गेला आणि सोडल्यावर परत आला, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. क्लच दाबला की तो शाफ्ट इंजिनापासून सुटतो आणि थांबतो. उलट, दाबल्यावरच किर्र आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग. डिझेल गाडीत न्यूट्रलला थोडी खडखड आणि क्लच दाबल्यावर शांतता, हे बऱ्याचदा सुरुवातीपासूनच असतं. अचानक वाढलं असेल तरच मनावर घ्या.

क्लचने काहीच फरक पडत नसेल आणि रेस केल्यावर आवाज वाढत असेल तर बॉनेट उघडून अल्टरनेटर, बेल्टचा टेन्शनर, एसीची पुली यांच्याकडे कान द्या. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या भागाच्या न फिरणाऱ्या बॉडीवर आणि मूठ कानाच्या हाडाला टेकवली की बिघडलेलं बेअरिंग वेगळं ऐकू येतं. हे करताना ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी बेल्टपासून लांब ठेवा.

दुसरी पायरी: रस्त्यावर

सकाळी लवकर, मोकळा सपाट रस्ता निवडा. शक्य असेल तर एका बाजूला लांब कंपाउंडची भिंत असलेला, कारण भिंतीजवळून काच उघडी ठेवून गेलं की त्या बाजूच्या चाकाचा आवाज आपटून परत येतो. दोन्ही दिशांनी गेलात की डावं-उजवं वेगळं करायला मदत होते. बरोबर कोणीतरी असू द्या आणि फोनवर रेकॉर्डिंग त्याला करायला सांगा.

ताशी ४० किलोमीटरवर तिसरा गिअर, मग त्याच वेगाला चौथा. गाडीचा वेग तोच, इंजिनाचे फेरे मात्र कमी झाले. आवाजाचा सूर खाली आला तर दोष इंजिन, क्लच किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट बाजूला आहे. सूर जसाच्या तसा राहिला तर गिअरबॉक्सच्या आउटपुटपासून टायरपर्यंत कुठेतरी.

आता त्याच वेगाला क्षणभर न्यूट्रल करून गाडी नुसती पळू द्या. इंजिन चालूच ठेवायचं. बंद केलं तर ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंगची मदत जाते, आणि किल्ली मागे फिरली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकतं. घाटाच्या उतारावर हे अजिबात करू नका. न्यूट्रलमध्येही आवाज तसाच राहिला तर चाकाकडचा भाग, म्हणजे टायर, बेअरिंग, ब्रेक. न्यूट्रल करताच गेला किंवा खूप उतरला तर ताण घेणारे भाग, म्हणजे गिअर, डिफरन्शियल, ड्राइव्ह शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट.

घाटाचा उपयोग वेगळा आहे. एकाच गिअरमध्ये चढ चढताना आवाज येतो आणि त्याच गिअरमध्ये उतरताना, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढल्यावर, येत नाही, किंवा याच्या उलट, असं असेल तर तो दातांवर पडणाऱ्या ताणाचा आवाज आहे. दाताच्या एका बाजूची झीज ओढताना बोलते, दुसऱ्या बाजूची इंजिन ब्रेकिंगला.

लयसुद्धा बघा. छोट्या हॅचबॅकच्या टायरचा घेर साधारण १.६५ ते १.९५ मीटर असतो. ताशी २० किलोमीटरला चाक सेकंदाला जवळपास तीन फेरे घेतं. आवाज सेकंदाला साधारण तीन वेळा येत असेल तर तो चाकाच्या फेऱ्याशी बांधलेला आहे: टायरचा फुगा, वाकलेली डिस्क, टायरात रुतलेला खिळा. मोजता न येण्याइतका भराभर असेल तर तो चाकापेक्षा वेगाने फिरणाऱ्या वस्तूचा, नाहीतर बेअरिंगचा.

घरघर: टायर की बेअरिंग?

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून इथे घाई नको.

आधी रस्ता बदलून बघा. सिमेंटच्या रस्त्यावरून गुळगुळीत डांबरावर आल्यावर आवाजाचा पोत बदलला तर टायरवर संशय. बेअरिंगला रस्ता कसला आहे याचं फारसं सोयरसुतक नसतं. मग गाडी थांबवून तळहात टायरच्या नक्षीवरून एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने प्रत्येक ठोकळ्याची कड बोटांना अडत असेल, तर टायर करवतीच्या दातांसारखा झिजलाय. असा टायर पन्नास-साठच्या वेगाला हुबेहूब बेअरिंगसारखा घुमतो. खात्री करायची असेल तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाका. आवाज जागा बदलून गेला तर प्रश्न मिटला. माझ्या मावसभावाच्या जुन्या वॅगनआरला एका गॅरेजने गिअरबॉक्स उतरवायला सांगितला होता. टायर आलटून पालटून टाकल्यावर मागून येणारी घरघर पुढून येऊ लागली आणि गिअरबॉक्स आहे तिथेच राहिला.

टायरवरचा संशय मिटला की बेअरिंग. साठच्या आसपास, पुढेमागे कोणी नसताना, स्टिअरिंग हलकेच उजवीकडे आणि मग डावीकडे झुकवा. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकांवर येतं. तेव्हा घरघर वाढत असेल तर बहुतेक वेळा डावं बेअरिंग, आणि उलट असेल तर उजवं. हा नियम शंभर टक्के पाळला जात नाही, म्हणून हातानेही तपासायचं.

सपाट, पक्क्या जमिनीवर बाकीच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावून चाक जॅकवर घ्या आणि खाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हात, पाय, डोकं काहीही घालायचं नाही. चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर तो बेअरिंगचा. राहिला तर लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट बघा. डावी-उजवी बाजू धरून हलवल्यावरच खेळ येत असेल तर टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा.

बेअरिंग खराब असूनही खेळ नसतो, असं खूपदा होतं. तेव्हा ही तपासणी करा: गाडी न्यूट्रलमध्ये, एक हात शॉकअपच्या कॉइल स्प्रिंगवर हलकाच ठेवा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा. चांगल्या बेअरिंगचं चाक फिरताना स्प्रिंग शांत असते. बेअरिंगच्या गोळ्यांची वाट खडबडीत झाली असेल तर बारीक खरखर त्या स्प्रिंगमधून सरळ बोटांत येते, कानाला काही ऐकू येत नसलं तरी. दुसऱ्या बाजूच्या चाकालाही हेच करून तुलना करा. ब्रेक पॅड घासत असेल तर तोही जाणवतो, पण तो फेऱ्यातल्या एकाच जागी घासतो.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी नेल्यानंतर काही आठवड्यांनी अशी घरघर सुरू झाली तर नवल नाही. सीलमधून पाणी आणि बारीक गाळ आत जातो, ग्रीस निकामी होतं आणि गंज आपलं काम हळूहळू करत राहतो.

बेअरिंग बदलताना गॅरेजमध्ये उभं राहा. दाबून बसवायचं बेअरिंग नकलमध्ये, म्हणजे ते बसतं त्या घरात, घालताना प्रेसचा दाब बाहेरच्या रिंगवरच पडला पाहिजे. आतल्या रिंगवर दाब आला किंवा हातोड्याने ठोकून बसवलं तर नव्या बेअरिंगच्या वाटेवर तिथेच खळगे पडतात आणि थोड्या दिवसांत तीच घरघर परत येते. एबीएस असलेल्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकीय रिंग असते. ती बाजू सेन्सरकडेच हवी. उलटं बसलं तर एबीएसचा दिवा लागतो आणि सगळं काम पुन्हा. एक्सलचा नट नवाच घ्या आणि तो कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला आवळून घ्या. अंदाजाने आवळलेला नट चांगलं बेअरिंगही लवकर घालवतो.

वळताना कट-कट

मोकळ्या मैदानात पहिल्या गिअरमध्ये स्टिअरिंग जवळपास पूर्ण वळवून हळू गोल फिरा, मध्येच हलका अ‍ॅक्सिलरेटर द्या. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग रिव्हर्समध्येही. कट-कट-कट असा ठोका वेगाबरोबर भराभर होत गेला तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट गेलाय. स्टिअरिंग अगदी शेवटच्या टोकाला दाबून धरू नका. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगचा पंप तिथे स्वतःच ओरडतो आणि तुमची दिशाभूल होते.

मग चाक वळवून आत बॅटरी मारा. शाफ्टच्या टोकाला घड्या असलेला काळा रबरी बूट दिसेल. बोटांनी एकेक घडी उघडून बघा, कारण चीर घडीच्या खोलात असते आणि वरून बूट धडधाकट दिसतो. बूट फाटला की फिरत्या जॉइंटमधलं ग्रीस चारी बाजूंना उडतं: रिमच्या आतल्या अंगाला, शॉकअपच्या खालच्या भागावर आणि लोअर आर्मवर एका रेषेत काळा चिकट पट्टा दिसतो. पट्टा ओला असेल तर चीर ताजी आहे. त्यात वाळू-चिखल मिसळून सुकला असेल तर आतल्या गोळ्या बराच काळ कचऱ्यात फिरतायत.

फाटलेला बूट, पण अजून कट-कट नाही, अशी वेळ सापडली तर लगेच शाफ्ट काढा, जॉइंट धुऊन नवं ग्रीस भरा आणि नवा बूट टाका. ग्रीस जॉइंटसाठीचं मॉलिब्डेनमवालं घ्या. कट-कट सुरू झाल्यावर नुसता बूट बदलण्यात अर्थ नाही, तेव्हा जॉइंटच बदलावा लागतो. स्वस्तातला लोकल जॉइंट टाकण्यापेक्षा नामांकित कंपनीचा घ्या. पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात थोडी चौकशी केली तर तो मिळतो. नेताना जुना शाफ्ट सोबत ठेवा, कारण एकाच मॉडेलमध्ये वर्षानुसार दात्यांची संख्या बदललेली असू शकते.

आतल्या, गिअरबॉक्सकडच्या जॉइंटचं लक्षण वेगळं. सरळ रस्त्यावर जोर देऊन वेग घेताना गाडी आडवी थरथरते आणि पाय सोडला की थांबते. याला टायर बॅलन्सिंग समजून लोक वारंवार पैसे घालतात. बॅलन्सिंगची थरथर पाय सोडल्यावरही त्याच वेगाला राहते.

आणि गाडी उभी असताना नुसतं स्टिअरिंग फिरवल्यावर टक असा आवाज येत असेल तर एक्सलचा संबंध नाही. शॉकअपच्या वरचं माउंटिंग बघा.

गिअर टाकताना ठक

क्लच सोडताना किंवा पहिला-रिव्हर्स करताना पुढून ठक आवाज येत असेल तर आधी इंजिन आणि गिअरबॉक्सचं माउंटिंग. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, एकाने ब्रेक दाबून क्लच अगदी किंचित पकडेपर्यंत सोडायचा, मग हेच रिव्हर्समध्ये. दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघायचं, गाडीच्या समोर किंवा मागे नाही. इंजिन थोडं झुकणारच. पण ते उसळून आपटत असेल तर माउंटिंगचं रबर धातूपासून सुटलंय.

गिअरबॉक्स उतरवण्याआधी तेल

एकाच गिअरला आवाज येत असेल तर त्या गिअरची जोडी. सगळ्या गिअरना येत असेल तर बेअरिंग किंवा कमी झालेलं तेल. गिअर ऑइल "लाइफटाइम" असतं असं समजून दीड लाख किलोमीटर न बदललेल्या गाड्या भरपूर आहेत.

आधी भरायचा प्लग सैल करून बघा, नंतरच खालचा सोडा. भरायचा प्लग गंजून अडकला असेल आणि तेल आधीच सांडलं असेल तर गाडी जागेवरच अडकते. पातळी साधारणपणे भरायच्या भोकाच्या कडेपर्यंत असते. काढलेलं तेल स्वच्छ ट्रेमध्ये घ्या आणि उन्हात धरून बघा. प्लगच्या चुंबकावर करडी मऊ पेस्ट असणं स्वाभाविक आहे. टोचणारे स्टीलचे कण किंवा दाताचा तुकडा सापडला तर गिअरबॉक्स खोलावाच लागेल. सोनेरी चमक म्हणजे पितळी सिंक्रो रिंग (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या) झिजतायत, आणि ती गाडी गिअर टाकताना करकरतही असेल. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय.

नवं तेल गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच. जीएल-४ प्रतीचं तेल सांगितलं असताना "जास्त भारी" म्हणून जीएल-५ भरू नका. त्यातल्या काही रसायनांचा पितळी रिंगांना त्रास होऊ शकतो. आवाज दाबण्यासाठी घट्ट तेल किंवा कसली पावडर घालायचा सल्ला मिळाला तर स्पष्ट नकार द्या.

बोलेरो, क्वालिस, इनोव्हा, ऑम्नी

इथे गिअरबॉक्स आणि मागच्या एक्सलच्या मध्ये प्रोपेलर शाफ्ट असतो आणि तो चाकापेक्षा साधारण चौपट वेगाने फिरतो. हळू वेगाला लयीत चिवचिव ऐकू आली तर कोरडा पडलेला क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या जॉइंटमधला चार टोकांचा तुकडा. पहिला-रिव्हर्स करताना मधून ठक आला तर खेळ पडलेला क्रॉस. इंजिन बंद, चाकांना ठोकळे, गिअर न्यूट्रल करून जॉइंटच्या दोन्ही बाजू दोन हातांनी उलटसुलट पिळा. क्रॉसच्या टोप्यांभोवती तांबूस पूड साचली असेल तर आतल्या सुया गंजल्या आहेत. ग्रीस निपल असेल तर चारही टोप्यांतून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप करा. एका टोपीतून आलंच नाही तर तो क्रॉस बदला. लांब गाड्यांत मधल्या सेंटर बेअरिंगचं रबरही फाटतं आणि गाडी जागेवरून निघताना खालून धडधड येते.

मागच्या डिफरन्शियलची हूं-हूं ठरावीक वेगाला येते आणि पाय दिला-सोडला की बदलते. फक्त वळणावर आवाज येत असेल तर आतले छोटे स्टार गिअर बघायचे. गाडी खोल पाण्यातून गेली असेल तर डिफरन्शियलचं तेल तपासाच. गरम हाउसिंग पाण्यात अचानक थंड होतं आणि ब्रीदर (हवा जायची वाट) किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं.

किरकोळ, पण घाबरवणारे

कच्च्या रस्त्यावरून आल्याबरोबर चाकातून कानठळ्या बसवणारी करकर सुरू झाली तर बहुतेक वेळा डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यामध्ये खडा अडकलेला असतो. थोडं पुढे-मागे केल्यावर पडतो, नाहीतर चाक काढून पत्रा जरा वाकवा. ब्रेक हलका दाबल्यावर चीं आवाज बदलला तर पॅड तपासा. ठरावीक रेसला खणखण म्हणजे सायलेन्सरवरचा सुटलेला पत्रा.

गॅरेजमध्ये काय सांगायचं

"घरघर येते" एवढ्यावर थांबू नका. "पन्नासच्या पुढे येते, न्यूट्रलमध्येही राहते, उजवीकडे वळताना वाढते, टायर बदलून पाहिले" असं सांगा आणि रेकॉर्डिंग ऐकवा. मिस्त्रीला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर एक चक्कर मारा. लिफ्टवर इंजिनाने चाकं फिरवून तपासताना एक चाक धरलं की दुसरं स्पीडोमीटरच्या दुप्पट वेगाने फिरतं, त्यामुळे ही तपासणी त्यांनाच करू द्या आणि घरी जॅकवर हा प्रयोग करू नका.

काढलेला पार्ट परत मागा. जुनं बेअरिंग हातात फिरवून बघितलं की खरंच खराब होतं का ते तुम्हालाही कळतं. बिल देण्याआधी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला गाडी चालवा आणि आधीच्या रेकॉर्डिंगशी ताडून बघा. शंभरेक किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा तपासा, आणि शाफ्ट काढला असेल तर गिअरबॉक्सच्या सीलखाली तेलाचा थेंब दिसतोय का तेही बघा.